साहेबांवर राज्य

कंपनीतली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, की एचआर त्यांच्या हातात बंदुका देतं. बंदुकीत रंग असतो, म्हणून त्याला टीम बिल्डिंग म्हणायचं. हिंजवडीहून किंवा ऐरोलीहून शनिवारी सकाळी बस निघते, एक्स्प्रेसवेच्या फूड मॉलवर बटाटेवड्यासाठी थांबते आणि कर्जत, लोणावळा नाहीतर मुळशीच्या कुठल्यातरी रिसॉर्टवर चाळीसेक माणसं उतरवते. वर्षभर वरिष्ठांना सीसीत ठेवून एकमेकांना गोळ्या घालणारी ही माणसं दुपारपर्यंत खरोखरच्या घालू लागतात. रात्री डीजे, रविवारी पोहे, सोमवारी लिंक्डइनवर समूहाचा फोटो. मंगळवारपासून पुन्हा सीसी.

पेंटबॉलशी आमचं वैर नाही. मजा येते, हे मान्य. आधीच्या तुकडीच्या घामाने ओलसर झालेला ओव्हरऑल, श्वासाबरोबर धुकट होणारा मास्क, ‘मैदानात मास्क काढायचा नाही’ हे पुन्हा पुन्हा बजावणारा शिट्टीवाला पोरगा आणि पॅकेजात मोजून मिळालेल्या गोळ्या. त्यांतल्या निम्म्या पहिल्या दोन मिनिटांत झाडांच्या बुंध्यांवर संपतात. मग जादा गोळ्यांचे जादा पैसे. उरलेल्यांतली एखादी मांडीवर बसली, की तिथे काळानिळा डाग उमटतो आणि तो आठवडाभर कँटीनमध्ये पदकासारखा मिरवता येतो.

गोळी फोडून बघा. टरफल जिलेटिनचं, म्हणजे सहसा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेलं. आत रंगाबरोबर पॉलिएथिलीन ग्लायकॉल, जे बद्धकोष्ठाच्या औषधातही असतं. शुद्ध शाकाहारी जेवणाचा काउंटर वेगळा आहे ना, याची बुकिंगच्या आधी तीनतीनदा खात्री करून घेणारी मंडळी ही गोळी छातीवर हसत झेलतात, आणि एखादी मास्कच्या फटीतून ओठांवर फुटली तरी त्यांच्यापैकी कुणी घटकपदार्थ विचारत नाही.

खेळाचा जन्म तर याहून गमतीचा. अमेरिकेत नेल्सन नावाच्या रंगकंपनीची नेलस्पॉट ००७ ही बंदूक होती. जंगलात काम करणाऱ्यांनी झाडांवर आणि गुरं पाळणाऱ्यांनी गुरांवर लांबूनच रंगाची खूण करावी, एवढाच तिचा उद्योग. वॉल स्ट्रीटवर शेअरचे सौदे करणारा हेज नोएल आणि लेखक चार्ल्स गेन्स या दोन मित्रांत वाद लागला: रानात टिकेल तो शहरातला चलाख माणूस, की रानात मुरलेला? निकाल लावायला २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशर राज्यातल्या हेनिकर इथल्या जंगलात १२ जण या बंदुका घेऊन उतरले. चार ठाण्यांवर झेंडे ठेवले होते. अंगावर रंग न पडता चारही ठाण्यांचे झेंडे जो गोळा करेल तो विजयी. जिंकला रिची व्हाइट, पेशाने फॉरेस्टर. अख्ख्या डावात त्याने एकही गोळी झाडली नाही.

म्हणजे पहिल्याच दिवशी खेळाने आपलं मर्म उघड केलं होतं. पण ‘बंदूक न चालवणारा जिंकतो’ या तत्त्वावर गोळ्या खपत नाहीत, म्हणून ब्रोशरमध्ये हा प्रसंग सापडणार नाही. बाकी, कुठली झाडं ठेवायची आणि कुठली तोडायची याच्या खुणा करणाऱ्यांची बंदूक शेवटी एचआरच्या हाती लागावी, याला निव्वळ योगायोग म्हणायला आमचं मन धजत नाही. ऑफसाइटनंतरच्या तिमाहीत कुणाकुणाची नावं यादीत येतात ते बघत चला.

आमची तक्रार वेगळीच आहे. आडोशाला दबा धरायचा, तोंड झाकायचं, लांबून नेम धरायचा आणि समोरच्याला कुणी मारलं ते कळायच्या आत दुसऱ्या आडोशाला पळायचं, हे कौशल्य शिकवायला माणसं कर्जतला कशाला न्यायची? ते ऑफिसात रोज नऊ ते सहा शिकवलं जातंच. ऑफसाइटला उलटं काहीतरी हवं. जिथे जवळ जावं लागेल, हाक मारावी लागेल आणि दुसऱ्याने सोडवल्याशिवाय आपली सुटका होणार नाही, असं. याच एका कसोटीवर आम्ही पर्यायांची छाननी केली.

आधी आयात मालाकडे वळू. लेझर टॅग: १९८४मध्ये डॅलसला ‘फोटॉन’ नावाने सुरू झालेला हा प्रकार. अंधारी खोली, अंगात दिवे लुकलुकणारं जाकीट, हातात प्रकाश फेकणारी बंदूक. लागत नाही, डाग पडत नाही, कपडे खराब होत नाहीत. लागलंय हे सांगायलाही जाकीटच लागतं. पेंटबॉलमध्ये निदान दुखतं तरी. पुढे फोमचं टोक लावलेले बाण मारायचा खेळ. दांडपट्ट्याच्या आवेशात धनुष्य उचललेले आयटीवीर प्रत्यंचा ओढताना मुख्यतः स्वतःच्या कोपराशी लढतात. नंतर बबल फुटबॉल. हवा भरलेल्या पारदर्शक गोळ्यात माणूस कमरेपर्यंत कोंबायचा आणि दुसऱ्या गोळ्यावर आपटायचा. युरोपच्या थंडीत बरं वाटत असेल. आपल्याकडे मार्चनंतर माणूस आत गेला, की दहा मिनिटांत उकडीचा मोदक होऊन बाहेर येतो, फक्त तूप सोडायचं राहतं. तिन्ही प्रकार नापास. भाडं भरायचं, पट्टे बांधायचे, आणि जवळ जाऊन हाक मारायचं कारण शून्य.

आता घरचा माल काढू.

बंदुकीशिवाय नेमबाजीची हौस फिटतच नसेल, तर आबाधुबी आहे. कुणी आप्पारप्पी म्हणेल. एक रबरी चेंडू, बाकी नियम असे नाहीतच. ज्याच्या हाती चेंडू लागेल त्याने जो दिसेल त्याच्या पाठीत घालायचा. पाठीवर उमटलेला गोल ठसा पेंटबॉलच्या डागाच्या तोडीस तोड असतो आणि मुख्य म्हणजे मारणारा समोर उभा असतो. तोंड झाकलेलं नसतं. पुढचा चेंडू त्याला कुठे आणि का बसणार आहे, हे दोघांनाही ठाऊक असतं. इतका पारदर्शक फीडबॅक आजवर कुठल्याही अप्रेझलमध्ये मिळालेला नाही. नापास करवत नाही, पण पायरी पहिलीच: यात टीम नाही, नुसताच हिशोब आहे.

टीम लगोरीत आहे. सात चपट्या दगडांची उतरंड, एक चेंडू, दोन बाजू. एका बाजूने चेंडू मारून लगोरी फोडायची आणि ती पुन्हा रचायची. रचणाऱ्यांना दुसऱ्या बाजूने चेंडूने टिपायचं. ऑफिसातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. चालू असलेली गोष्ट आपणच फोडायची, मग भोवतीने मारा चालू असताना तीच पुन्हा रचायची, आणि रचून झाली की विजय मिळाल्याचा आरडाओरडा करायचा, याला त्यांच्याकडे सिस्टिम अपग्रेड म्हणतात. फरक इतकाच, की लगोरीत एकट्याला काही करता येत नाही. दोघे जण मुद्दाम समोरून पळून चेंडू स्वतःवर ओढवून घेतात, तेव्हा तिसऱ्याला खाली बसून दोन दगड ठेवायची उसंत मिळते. दुसऱ्याचं काम व्हावं म्हणून स्वतः बाद होणारा माणूस ज्याच्या टीममध्ये आहे, त्याने त्याला ताबडतोब बढती द्यावी. दगड शोधायचा कंटाळा असेल, तर लाकडी चकत्यांची तयार लगोरी ऑनलाइन मिळते. चेंडू मात्र रबरी किंवा टेनिसचाच घ्या. आपल्या जमान्यात सीझनच्या बॉलने खेळायचो, असं सांगणारे असतात. त्यांना पंच करा.

विषामृत याहून सोपं आणि याहून कडू. ज्याच्यावर राज्य, त्याने शिवलं की तुम्हाला विष, आहात तिथे पुतळा. सुटका एकाच मार्गाने: मोकळा असलेला गडी धोका पत्करून आला आणि शिवून त्याने अमृत दिलं तर. मैदानाच्या मधोमध एक हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाला पाच मिनिटांत कळतं, की ज्याच्या वाढदिवसाच्या केकसाठी आपण वर्गणी काढली होती तो शेजारून दोनदा पळून गेला, आणि जिचं नावही धड माहीत नाही अशी नवी ट्रेनी मुलगी सोडवायला आली. कन्सल्टंट लोक हेच पन्नास प्रश्नांच्या फॉर्ममधून शोधत असतात आणि तरी त्यांना सापडत नाही.

खो-खोला कमी लेखू नका. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत अंतिम सामन्यात नेपाळला हरवून भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. महाराष्ट्राने दोन दिवस स्टेटसला फोटो लावले आणि तिसऱ्या दिवशी बॉक्स क्रिकेटचं टर्फ बुक केलं. खेळात आठ जण एका रांगेत बसतात, एकाचं तोंड इकडे, पुढच्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो. थकला, की बसलेल्याच्या पाठीमागून जाऊन पाठीवर थाप मारून खो द्यायचा आणि त्याच्या जागी बसायचं. पाठीमागून येऊन, कल्पना न देता, धावपळीचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून आपण त्याच्या जागेवर बसणं, याचा सराव आपल्याकडे तळागाळापर्यंत झालेला आहे. अवघड जातो तो पुढचा नियम: एकदा दिशा धरली, की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागे फिरता येत नाही आणि मधली रेषा ओलांडता येत नाही. दर सोमवारी धोरण बदलणाऱ्या मॅनेजमेंटला खांबाआधी तीनदा फाउल झालेला आम्ही बघायला येऊ.

आट्यापाट्याला मैदानावर रेघा आखाव्या लागतात. एकामागे एक आडव्या पाट्या आणि त्यांना मधोमध उभी छेदणारी सूरपाटी. आडव्या पाटीवरच्याने आपापल्या पाटीवरच डावीउजवीकडे सरकायचं, पाय रेघेवर ठेवायचे. सूरपाटीवाला तेवढा उभा धावतो. समोरच्यांनी हुलकावण्या देत सगळ्या पाट्या पार करायच्या आणि लोण घेऊन परत फिरायचं. सरकारी कचेरीत दाखला काढायला गेलेल्या कुणालाही हा खेळ उपजतच येतो: प्रत्येक टेबलाने आपली रेघ सोडायची नाही, तरी माणूस जाऊ द्यायचा नाही, आणि एक शिपाई मधून सगळीकडे हिंडत असतो. कुणीही कुणाला फेकून मारत नाही. शक्ती लागते ती खांद्याच्या हुलीत आणि डोळ्यांत. चाळिशीतल्या गुडघ्यांना पळापळीपेक्षा हे बरं. फक्कीने रेघा नीट आखा, नाहीतर अर्धा तास ‘माझा पाय रेघेवरच होता’ यात जातो. तो गेला तरी हरकत नाही. त्याकडे येतोच आम्ही.

कबड्डीबद्दल जपून. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन तिची प्रात्यक्षिकं दाखवली. बर्लिनला दाखवून झालं, बाणेरला अजून दाखवायचं आहे. पण पकड करायची म्हणजे घोटा, कंबर, मांडी धरायची, आणि रिसॉर्टच्या हिरवळीखाली मुरूम असतो. मिश्र गटात तर नकोच. ज्यांना फारच खाज आहे त्यांनी ३० सेकंदांची चढाई एकदा करून बघावी. ‘कबड्डी कबड्डी’ म्हणताना जो पंधराव्या सेकंदाला धापा टाकतो, तोच एरवी झूमवर चाळीस मिनिटं न थांबता बोलतो, हे वैद्यकीय आश्चर्यच आहे. रस्सीखेच चालेल. १९०० ते १९२० ती ऑलिंपिकमध्येही होती. तिच्यात ताकदीपेक्षा एका दमात, एका आवाजावर खेचणं महत्त्वाचं. ‘अलाइनमेंट’ या विषयावर दोन तासांचं भाषण ऐकवण्याऐवजी दोर द्या.

आता खरं रत्न: डबा ऐसपैस.

साहित्य, तेलाचा किंवा पावडरचा एक रिकामा डबा. एकाने तो लांब भिरकवायचा. ज्याच्यावर राज्य त्याने जाऊन तो आणायचा आणि उलट्या पावली चालत जागेवर ठेवायचा. तोवर बाकीचे गडप. मग जो दिसेल त्याचं नाव घेत डबा वाजवायचा, ‘अमका ऐसपैस!’ लपलेल्यांपैकी कुणी नजर चुकवून आला आणि त्याने डबा लाथाडला, की पकडलेले सगळे सुटले. आणि नाव चुकलं तर? ‘अंडं फुटलं!’ करत चारी बाजूंनी मंडळी बाहेर येतात, राज्य पुन्हा त्याच्यावरच. म्हणून तर पोरं झाडामागे शर्टांची अदलाबदल करत. ऑफसाइटला तेवढेही कष्ट नाहीत. कंपनीने सगळ्यांना एकाच रंगाचे, छातीवर तेच घोषवाक्य असलेले टी-शर्ट वाटलेले असतात, वर एक्सएल सोडून बाकी मापं संपलेली.

आता साहेबांवर राज्य द्या. मॅडम असतील तर मॅडमवर. जनरेटरच्या खोलीमागून निळ्या टी-शर्टचा एक खांदा दिसतोय. कोण असेल? टेस्टिंगमधला? की पगाराच्या स्लिपा काढतो तो? तीन वर्षं हा माणूस रोज लिफ्टमध्ये ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणतोय. साहेब डब्यावर पाय ठेवून उभे. घाम पुसतात. गळ्यात ओळखपत्र नाही, समोर एक्सेल नाही, कानात सांगायला सेक्रेटरी नाही. शेवटी धीर करून म्हणतात, ‘तो… चष्मेवाला… ऐसपैस!’ चाळीस माणसांच्या गळ्यातून एकदम आरोळी उठते, अंडं फुटलं! वर्षभर ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ अशी ईमेल पाठवणाऱ्याला कुटुंबातली किती नावं येतात, हे दुपारच्या उन्हात, जाहीरपणे, तेलाच्या एका डब्याने सिद्ध होतं. साहेबांना नावं पाठ होईपर्यंत राज्य उतरत नाही. पेंटबॉलमध्ये साहेबांना गोळी मारता येते, म्हणून लोक खूश असतात. गोळी धुतली की जाते. हे धुतलं जात नाही.

आणि रंगच हवा असेल, तर आपल्याकडे अख्खी पंचमी आहे. नाशिकला पेशवेकालीन रहाडी अजून रंगपंचमीला उघडतात. रंगाच्या पाण्याने भरलेल्या त्या हौदात माणसं चक्क उड्या टाकतात. कुणाच्या अंगावर किती डाग पडले ते मोजत बसायचा प्रश्नच येत नाही, कारण बाहेर येणारा प्रत्येक जण एकाच रंगाचा असतो. कुणी मेलं नाही, कुणी बाद झालं नाही आणि कुणी जादा गोळ्यांचे पैसे मागितले नाहीत.

इतकं सगळं फुकटात असताना कंपन्या बंदुकाच का घेतात, असं भाबडेपणाने विचारू नका. फुकटात आहे, म्हणूनच. डबा ऐसपैसचं बिल लावून दाखवा. तीन कोटेशनं कुठून आणायची? रिकाम्या डब्याचा जीएसटी कुठल्या रकान्यात टाकायचा? मार्चअखेर बजेट संपवायचं असेल तर लगोरीने ते संपत नाही. पण निराश व्हायचं कारण नाही. एखादा हुशार व्हेंडर लवकरच ‘हेरिटेज प्ले एक्सपिरियन्स’ काढेल, सात दगडांना पॉलिश करेल, विषामृतचा ‘सर्टिफाइड फॅसिलिटेटर’ नेमेल आणि माणशी पेंटबॉलपेक्षा जास्त लावेल. त्या दिवशी हे सगळे खेळ एका रात्रीत संस्कृतीचा ठेवा होतील.

तोवर ज्यांना स्वतःच खेळायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. चाळीस माणसं एकदम खेळवू नका. दहादहाच्या टोळ्या करा, नाहीतर तीस जण कडेला रील काढत बसतील. सकाळी साडेनऊच्या आत मैदानावर या, बिर्याणीनंतर कुणी धावत नाही. फ्लोटर घालून खो-खो खेळू देऊ नका. क्लायंटचा फोन आला तर टॅम्प्लीज मिळणार नाही, हे आधीच जाहीर करा. आणि शिट्टीवाला पोरगा नको. चेंडू लागला की नुसता कपड्याला घासला, पाय रेघेवर होता की बाहेर, यावर दोन्ही बाजूंना घसा फुटेपर्यंत भांडू द्या. एकमेकांच्या तोंडावर, नाव घेऊन, कुणालाही सीसीत न ठेवता भांडण करायचं आणि ते मिटवून पुढचा डाव मांडायचा, ही सोय फक्त याच खेळांत आहे. रडीचा डाव खेळणारा कोण, हेही सगळ्यांना एकदमच कळतं.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक गल्लीत एक लिंबूटिंबू असायचा. वयाने सगळ्यांत लहान, खेळायला तर घ्यायचा, पण तो बाद झाला तरी बाद नाही, त्याच्यावर राज्य कधी येणार नाही. ऑफिसात ही सवलत उलट टोकाला गेली आहे, सगळ्यांत मोठ्या पगाराकडे. चुका त्याच्या, राज्य दुसऱ्यावर. तेव्हा डाव मांडायच्या आधी सगळ्यांसमोर विचारून घ्या, साहेब, लिंबूटिंबू की खरे? ‘खरा’ म्हणाले, तर डबा लांब फेका.